सोनिवलीहून विद्यापीठाकडे: पदवीची वर्षे आणि ज्ञानविस्तार

विषयाची व्याप्ती

बदलापूर पश्चिमेकडील सोनिवलीतला विद्यार्थी बारावीनंतर महाविद्यालयात दाखल होतो, तेव्हा त्याच्या हाती तीन किंवा चार वर्षे असतात. या काळात दोन कामे समांतर चालतात. निवडलेल्या विषयाचा पाया पक्का होणे, हे पहिले. त्या विषयाचे इतर शास्त्रांशी, भोवतालच्या परिसराशी आणि वेगळ्या वातावरणात वाढलेल्या माणसांशी असलेले नाते उमगणे, हे दुसरे. या दुसऱ्या कामाला येथे ज्ञानविस्तार म्हटले आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला नदीच्या पाण्याचा नमुना तपासता येणे हे कौशल्य होय. ते पाणी असे का झाले, हे शोधताना कारखान्यांचा इतिहास, नगरपालिकेचे अंदाजपत्रक आणि सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा खर्च तिला समजून घ्यावा लागतो, तिथून ज्ञानविस्तार सुरू होतो.

लोहमार्ग आधी, विद्यापीठ नंतर

कल्याणहून खोपोलीच्या दिशेने जाणारा लोहमार्ग १२ मे १८५६ रोजी वाहतुकीस खुला झाला. बदलापूर याच मार्गावर आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ची, म्हणजे त्यानंतर सुमारे चौदा महिन्यांनी. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभी राहिलेली ही संस्था आरंभी मुख्यतः परीक्षा घेई आणि पदव्या देई. अध्यापन महाविद्यालयांत होई. १८६२ साली बाहेर पडलेल्या बी.ए.च्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे विद्यापीठाने स्वतःचे विभाग काढले. त्यांतला समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्याकडे सोपवला गेला. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. नगररचनेकडे वळले ते एका आग्रहासह: गावाचा आराखडा आखण्यापूर्वी गावाची पायी पाहणी झाली पाहिजे.

संलग्न महाविद्यालयांची ही रचना आजही मूलतः तशीच आहे. बदलापूरचे आदर्श, उल्हासनगरचे चांदीबाई किंवा कल्याणचे बिर्ला महाविद्यालय येथील विद्यार्थ्याच्या पदवी प्रमाणपत्रावर मुंबई विद्यापीठाचे नाव असते. परंतु विद्यापीठाचे ग्रंथालय, तिथली व्याख्याने, तिथले संशोधक यांच्याशी त्याची गाठ आपोआप पडत नाही. ती मुद्दाम घालून घ्यावी लागते. महाविद्यालय लहान आहे ही अडचण अनेकदा सांगितली जाते. प्रस्तुत लेखकाला ती दुय्यम वाटते. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर काय काय उपलब्ध आहे हे पहिल्या वर्षी कोणीच सांगत नाही, ही खरी अडचण आहे.

साठ अभ्यासक्रमांचे उदाहरण

विद्यापीठातील वर्षे कशी वापरता येतात याचा सर्वांत स्पष्ट नकाशा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कोलंबिया विद्यापीठातील नोंदींत सापडतो. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाल्यावर, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, ते १९१३ साली न्यूयॉर्कला पोहोचले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. त्या मुदतीत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची विभागणी अशी: अर्थशास्त्र २९, इतिहास ११, समाजशास्त्र ६, तत्त्वज्ञान ५, मानवशास्त्र ४, राज्यशास्त्र ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी १. एकूण ६०.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. जवळजवळ निम्मे अभ्यासक्रम एकाच विषयाचे आहेत. म्हणजे गाभा पक्का आहे, आणि उरलेला निम्मा भाग त्या गाभ्याला लागून असलेल्या शास्त्रांत पसरला आहे. परकीय भाषा दोन, त्याही प्राथमिक, कारण संदर्भग्रंथ वाचण्यापुरती त्यांची गरज होती. मानवशास्त्राचे अभ्यासक्रम जेमतेम चार. तरीही ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेच्या उगमावरील निबंध वाचला. जातीचे मर्म जातीतल्या जातीत होणाऱ्या विवाहात आहे, ही त्या निबंधाची मांडणी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मानवशास्त्राच्या वर्गात, स्वतःच्या अनुभवातून आलेला प्रश्न शास्त्रीय परिभाषेत मांडला. पुढे १९२३ साली प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ गाभ्याच्या विषयातून आला आणि जातीविषयीचे लेखन भोवतालच्या शास्त्रांतून. दोन्हींची बीजे त्याच वर्षांतली आहेत. १९२७ साली बदलापुरातील शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले, तेव्हा या परिसराने हा अभ्यासक प्रत्यक्ष पाहिला.

दोन शास्त्रांचा सांधा

दुसरा विषय घेतला की तो पहिल्याशी आपोआप जोडला जातो असे नाही. सांधा एखाद्या प्रश्नामुळे पडतो. कल्याणला वाढलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. मिळवली, त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. अमेरिकेतील वैद्यक शिकताना आपल्या परंपरेतील ग्रंथ काय म्हणतात, हे त्यांनी तपासले. इरावती कर्वे यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात तत्त्वज्ञान घेतले, मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्रात एम.ए. केले आणि बर्लिनला मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डचे १९२९चे पदवीधर. व्यवसायाने गणिती असलेल्या कोसंबींनी प्राचीन आहत नाण्यांची वजने संख्याशास्त्राने तपासली. हातोहात फिरताना नाणे झिजते, झिजेने वजन घटते, आणि मोठ्या संख्येने वजने घेतली तर कोणते नाणे अधिक काळ चलनात होते याचा अंदाज बांधता येतो. गणिताला इतिहासाशी जोडणारा दुवा येथे तराजू झाला.

श्रेयांक पद्धतीतील जागा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमांची फेररचना झाली. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ती लागू आहे. श्रेयांक हे अध्ययनाचे माप. वर्गातील अध्यापनाचे साधारण १५ तास म्हणजे एक श्रेयांक. प्रयोगशाळेत त्याच श्रेयांकासाठी ३० तास लागतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक हवेत. त्यांत मुख्य विषय आणि गौण विषय यांच्या जोडीला खुले वैकल्पिक विषय, क्षेत्रीय प्रकल्प, समाजसंपर्काचा उपक्रम आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण येते. ज्याला सारे ओपन इलेक्टिव्ह म्हणतात तो खुला विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच असावा, असे बंधन आहे.

हे बंधन मोलाचे आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेकदा ज्या विषयात गुण सोपे तो निवडला जातो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इतिहासाचा खुला विषय घेतला आणि क्षेत्रीय प्रकल्पासाठी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या जुन्या कारखान्याचा आर्थिक इतिहास निवडला, तर वेगवेगळ्या रकान्यांतील श्रेयांक एकाच प्रश्नाभोवती गोळा होतात. महाविद्यालयात नसलेला विषय २०१७ पासून चालू असलेल्या ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठावर घेता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करण्यास संस्था मुभा देऊ शकते. तिथे नाव नोंदवणे सोपे असते. घरी एकट्याने, कोणी हजेरी घेत नसताना, अभ्यासक्रम शेवटापर्यंत नेणे अवघड जाते.

प्रवासाचे तास

बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे आणि लोकलला साधारण दीड तास लागतो. मुंबईतील महाविद्यालय निवडल्यास जाऊन-येऊन तीन तास; आठवड्याचे पाच दिवस आणि वर्षाचे तीस आठवडे धरले तर ४५० तास होतात. वर्गातील अध्यापनाच्या मापाने हे ३० श्रेयांक, म्हणजे पदवीच्या जवळजवळ पाऊण वर्षाचे काम. सोनिवलीहून स्थानकापर्यंतची रिक्षा आणि फलाटावरची वाट पाहणे यात धरलेले नाही.

हे तास कितपत वापरता येतात, हे गाडीवर ठरते. बदलापूरहूनच सुटणाऱ्या लोकलमध्ये लवकर पोहोचल्यास बसायला जागा मिळते आणि पुस्तक उघडता येते. कर्जतहून भरून आलेल्या गाडीत दारापाशी उभे राहावे लागते; तिथे हात दांडीला, पिशवी छातीशी, आणि ऐकणे एवढेच शक्य असते. ध्वनिमुद्रित व्याख्यान, परकीय भाषेचा पाठ किंवा नुकत्याच वाचलेल्या प्रकरणाची मनात उजळणी अशा गर्दीतही होते. आकृत्या, गणिते, बारीक अक्षरांतील टिपा होत नाहीत. जवळच्या महाविद्यालयात रोजचे दोन तास वाचवावेत आणि महिन्यातून दोन शनिवार मुंबईसाठी राखावेत, ही विभागणी अधिक हिशेबी ठरते असे लेखकाचे मत आहे. मात्र विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास घर ते महाविद्यालय एवढ्याच टप्प्याचा असतो. कल्याणपर्यंतचा पास असणाऱ्याला पुढच्या प्रवासाचे तिकीट वेगळे काढावे लागते.

वाचनालयांची साखळी

या मार्गावर चांगली वाचनालये एकामागून एक लागतात. खुद्द बदलापुरात श्याम जोशी यांनी उभारलेले ग्रंथसखा वाचनालय दुर्मिळ मराठी ग्रंथ आणि जुन्या नियतकालिकांसाठी ओळखले जाते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, तर दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चे. मार्गाच्या टोकाला फोर्ट भागात १८०४ साली सुरू झालेल्या एशियाटिक सोसायटीचे टाऊन हॉलमधील ग्रंथालय आणि राजाबाई मनोऱ्याखालील विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. पाठ्यपुस्तकात एखाद्या वादाचा निकाल दोन ओळींत दिलेला असतो. त्या काळचे मासिक उघडले की मूळ वाद कोणी, कोणत्या भाषेत आणि किती त्वेषाने घातला होता हे दिसते. ज्ञान ही माणसांनी घडवलेली, दुरुस्त केलेली गोष्ट आहे, ही जाणीव तिथे होते.

देऊळ: एका आकड्याचे वाचन

अशा दुरुस्तीचे उदाहरण बदलापूरच्या पुढच्याच स्थानकावर आहे. वालधुनी नदीकाठचे अंबरनाथचे शिवालय शिलाहारकालीन असून तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हे वर्ष आणि माम्वाणि राजाचे नाव आहे. आरंभीच्या वाचनात हा आकडा ७८२ असा लावला गेला होता. नंतरच्या वाचनात पहिले चिन्ह नऊचे ठरले आणि देवळाचे वय दोनशे वर्षांनी कमी झाले. झिजलेल्या दगडावरील एका अंकचिन्हावर इतके अवलंबून असते. १८६८ साली सरकारी आदेशावरून मुंबईच्या कलाशाळेतील पथकाने येथे येऊन शिल्पांची रेखाटने आणि साचे तयार केले होते.

वास्तुकला शिकणाऱ्याला येथे भूमिज पद्धतीचे शिखर आणि पायऱ्या उतरून जावे लागणारे गर्भगृह दिसते. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला कोकणातील काळा बेसाल्ट दिसतो, भाषेच्या विद्यार्थिनीला लेखातील संस्कृत, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासमोर प्रश्न उभा राहतो तो असा की ठाणे-कोकणच्या राजांकडे एवढ्या बांधकामाचा पैसा कुठून आला. त्याच्या उत्तरासाठी शूर्पारक (आजचे सोपारा) आणि स्थानक (आजचे ठाणे) या बंदरांच्या व्यापाराकडे जावे लागते.

नदी: तीनशे मिलिलिटरची बाटली

उल्हास नदीची लांबी सुमारे १२२ किलोमीटर. बदलापुरातून ती वाहते आणि येथील पाणीपुरवठाही बॅरेज बंधाऱ्यातून तिच्यावरच चालतो. अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून येणारी वालधुनी पुढे कल्याणजवळ तिला मिळते. दोन्हींच्या पाण्यातील फरक मोजण्याची साधी रीत पदवीच्या प्रयोगशाळेत शिकवली जाते. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली, आत हवेचा एकही बुडबुडा राहणार नाही अशी, पाण्याखाली भरून बूच लावले जाते. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घातले जाते. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असेल तर तपकिरी साका खाली बसू लागतो. नसेल तर साका पांढराच राहतो. स्वच्छ पाण्यात २५ अंश तापमानाला प्रतिलिटर साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. जैविक प्राणवायू मागणी काढताना आणखी एक बाटली भारतातील प्रचलित पद्धतीने २७ अंशांवर तीन दिवस ठेवून किती प्राणवायू संपला ते पाहतात.

पांढरा साका पाहिलेली मुलगी पुन्हा नदीकाठी जाते तेव्हा तिचे प्रश्न बदललेले असतात. कोणत्या नाल्यानंतर रंग बदलतो? तो नाला कोणत्या वसाहतीतून येतो? काठावरचे लोक पाणी कशासाठी वापरतात? २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्या पुराची पातळी अनेक घरांच्या भिंतींनी काही काळ जपली होती. हातात मोजपट्टी घेऊन अशा पंचवीस भिंतींवरील खुणा मोजल्या, त्या नकाशावर मांडल्या आणि घरोघरी नुकसानीची विचारणा केली, तर भूगोल, संख्याशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा एकत्रित क्षेत्रीय प्रकल्प तयार होतो. गेडिस ज्या पाहणीचा आग्रह धरत, ती हीच.

कॅम्प आणि स्मृती

दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. पत्त्यांत आजही कॅम्प एक ते पाच असे क्रमांक लिहिले जातात. बदलापूर-अंबरनाथची मराठी मुले आणि उल्हासनगरची सिंधी मुले एकाच बाकावर बसतात, तरी एकमेकांच्या घरी क्वचित जातात. सिंधी भाषा अरबी वळणाच्या आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. पहिली लिपी वाचणारे आजोबा आणि ती न वाचता येणारी नात एकाच घरात भेटतात. फाळणी जाणत्या वयात पाहिलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. मौखिक इतिहासासाठी मोबाइलवरील ध्वनिमुद्रण पुरते. त्याआधी परवानगी घेणे, नावे गुप्त ठेवायची का हे विचारणे आणि दुखऱ्या आठवणीपाशी थांबणे ही त्या शास्त्राची पथ्ये आहेत.

राष्ट्रीय सेवा योजना

२४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचे निवासी शिबिर पूर्ण करायचे असते. शिबिरात स्वयंपाकापासून सर्वेक्षणापर्यंतची कामे वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी मिळून करतात, आणि बाहेरगावी मुक्कामाला राहण्याची परवानगी घरून न मिळणाऱ्या मुलींना ती बहुधा पहिल्यांदा येथे मिळते. योजनेचा कमकुवत भाग म्हणजे छायाचित्रापुरते होणारे कार्यक्रम. ज्या गावात शिबिर झाले तिथे दुसऱ्या वर्षी पुन्हा जाण्याची व्यवस्था असेल तरच काम टिकते.

भाषेचा उंबरठा

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यासमोर पहिल्या सत्रात इंग्रजी पाठ्यपुस्तकांची भिंत येते. परिणामी वाचन परीक्षेपुरते आक्रसते. यावर उपयोगी पडलेली रीत दुहेरी वाचनाची आहे: संकल्पना आधी मराठी विश्वकोशातील नोंदीतून समजून घ्यायची आणि मग इंग्रजी प्रकरणाकडे जायचे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला हा कोश आता आंतरजालावर विनामूल्य आहे. वहीच्या एका पानावर दोन रकाने करून ‘इन्फ्लेशन’समोर चलनवाढ, ‘एन्डोगॅमी’समोर अंतर्विवाह असे शब्द उतरवत गेल्यास वर्षाअखेरीस स्वतःचा परिभाषाकोश तयार होतो. शब्द कळला तरी संकल्पना कळलीच असे नसते, म्हणून तिसऱ्या रकान्यात परिसरातील एक उदाहरण असावे.

मर्यादा

ज्ञानविस्ताराला वेळ, पैसा आणि घरची संमती लागते, आणि ही तिन्ही सर्वांकडे सारखी नसतात. आंबेडकरांच्या साठ अभ्यासक्रमांमागे शिष्यवृत्ती होती. संध्याकाळी दुकानात किंवा कुरिअरच्या कामावर जाणाऱ्या विद्यार्थ्याला ७५ टक्के उपस्थितीचा नियम पाळतानाच दमछाक होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग रुळवला. त्यात काम शिक्षणाच्या आवारातच मिळे, म्हणून प्रवास आणि वेळ दोन्ही वाचत. ग्रंथालयात पुस्तके लावणे किंवा प्रयोगशाळेत मदत करणे अशी सशुल्क कामे महाविद्यालयांनी जाहीरपणे उपलब्ध करून दिली, तर कमाईचे तास आणि शिकण्याचे तास काही अंशी एकत्र येतात. दुसरी मर्यादा विखुरण्याची आहे. सहा प्रमाणपत्रे, चार स्पर्धा आणि दोन भाषा अर्ध्यावर सोडलेला विद्यार्थी व्यग्र दिसतो, पण त्याच्याजवळ प्रश्न नसतो. तिसऱ्या वर्षापर्यंत टिकलेला एक प्रश्न, मग तो एखाद्या नाल्याचा असो वा एखाद्या कॅम्पाचा, त्याच्या वहीत किती पाने व्यापतो, हे मोजता येते.